युद्धकाळातील वार्षिक पारितोषिके : पुलित्झर यादीचे एक चिकित्सक वाचन (१९४० ते १९४६)

महाविद्यालयीन अध्यापकांचा पारितोषिकांशी संबंध प्रामुख्याने दोन ठिकाणी येतो. पहिले ठिकाण म्हणजे स्पर्धा परीक्षांची तयारी. अमुक वर्षी अमुक पारितोषिक कोणास मिळाले, हे विद्यार्थी पाठ करतात व आपण तपासतो. दुसरे ठिकाण म्हणजे पाठ्यपुस्तकातील लेखक-परिचय. तेथे 'पारितोषिकप्राप्त' हा शब्द आला की लेखकाचे मोठेपण सिद्ध झाले असे गृहीत धरून आपण पुढच्या ओळीकडे वळतो. दोन्ही ठिकाणी पारितोषिक ही एक निर्विवाद व पूर्ण झालेली बाब समजली जाते. ते कोणी दिले, कोणत्या नियमांनी दिले, त्या वर्षी बाहेर काय चालले होते आणि कोणास ते मिळू शकत नव्हते, हे प्रश्न वर्गात सहसा निघत नाहीत.

शांततेच्या काळात हे प्रश्न न विचारल्याने फारसे बिघडत नाही. युद्धकाळात मात्र बिघडते. युद्धात राष्ट्राला धीर हवा असतो, एकजूट हवी असते, आणि वृत्तपत्र, कादंबरी व संगीत या तिन्हींकडून त्याची अपेक्षा केली जाते. अशा वेळी दरवर्षी ठरल्या दिवशी 'उत्कृष्ट' ठरविणारी संस्था नेमके काय मोजते? गुणवत्ता, उपयुक्तता की निष्ठा? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील पुलित्झर पारितोषिकांची दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील यादी येथे निवडली आहे. पत्रकारिता, साहित्य आणि संगीत ही तिन्ही क्षेत्रे या एकाच यादीत एकत्र येतात. शिवाय संगीताचे पारितोषिक सुरूच झाले ते १९४३ मध्ये, म्हणजे ऐन युद्धात.

पार्श्वभूमी

जोसेफ पुलित्झर (१८४७-१९११) हा हंगेरीत जन्मलेला स्थलांतरित. अमेरिकेत तो आला तो यादवी युद्धातील सैनिक म्हणून. पुढे सेंट लुईस येथे जर्मन भाषेतील वृत्तपत्रात वार्ताहर झाला आणि १८८३ मध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड' विकत घेऊन मोठा वृत्तपत्रमालक बनला. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या वेळी त्याच्या व हर्स्टच्या पत्रांनी खपाच्या चढाओढीत जे भडक लेखन केले, ते पत्रकारितेच्या इतिहासात बदनाम आहे. त्याच पुलित्झरने मृत्युपत्राद्वारे कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेच्या शिक्षणासाठी व पारितोषिकांसाठी देणगी दिली. ज्याच्या पत्राने युद्धज्वर वाढविला, त्याच्याच पैशातून जबाबदार पत्रकारितेचा मापदंड उभा राहिला, ही विसंगती ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पहिली पारितोषिके १९१७ मध्ये दिली गेली. अमेरिका त्याच वर्षी पहिल्या महायुद्धात उतरली होती. वृत्तलेखनाचे पहिले पारितोषिक हर्बर्ट बेयार्ड स्वोप याच्या जर्मन साम्राज्याच्या अंतर्भागाविषयीच्या लेखमालेस मिळाले, तर अग्रलेखाचे पारितोषिक 'लुसिटानिया' जहाज बुडाल्याच्या वर्षदिनी 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'ने लिहिलेल्या अग्रलेखास. म्हणजे युद्ध हा या पारितोषिकांच्या वाटेत मध्येच आलेला अपवाद नव्हता. त्यांचा जन्मच युद्धाच्या सावलीत झाला.

निर्णयाची पद्धतही पाहिली पाहिजे. त्या काळी प्रत्येक विभागाचे परीक्षक शिफारस करीत, ती सल्लागार मंडळासमोर जाई आणि अखेरची मान्यता कोलंबिया विद्यापीठाचे विश्वस्त देत. सल्लागार मंडळात प्रामुख्याने वृत्तपत्रांचे संपादक व मालक असत. म्हणजे कादंबरी, काव्य आणि संगीत यांचा निकालही सरतेशेवटी वृत्तपत्रसृष्टीतील मंडळींच्या हातून जाई. या पद्धतीचा प्रत्यय १९४१ मध्ये आला. हेमिंग्वे यांची स्पेनच्या यादवी युद्धावरील 'फॉर हूम द बेल टोल्स' ही कादंबरी पारितोषिकाच्या अगदी जवळ पोहोचली होती. परंतु विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी तीव्र आक्षेप घेतला आणि त्या वर्षी कादंबरीला पारितोषिकच दिले गेले नाही. यादीतील रिकामी जागा हाही एक निकाल असतो, हे येथे दिसून येते.

पत्रकारिता : धाडस आणि शिस्त

१९४१ मध्ये मंडळाने वेगळा पायंडा पाडला. वार्तापत्रांसाठी एका व्यक्तीला पारितोषिक न देता युरोप, आशिया व आफ्रिका येथील युद्धक्षेत्रांत काम करणाऱ्या सर्व अमेरिकन वार्ताहरांचा सामूहिक गौरव करण्यात आला. एकाची निवड करण्यापेक्षा धोका पत्करणाऱ्या संपूर्ण व्यवसायाला मान द्यावा, ही त्यामागील भूमिका स्वागतार्ह होती.

१९४२ चे वार्तापत्रांचे पारितोषिक फिलिपिन्सच्या कार्लोस रोम्युलो यांना हाँगकाँगपासून बटाव्हियापर्यंतच्या दौऱ्यावरील लेखांसाठी मिळाले. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या अमलाखाली होते. वसाहतीतील एक आशियाई पत्रकार वसाहतींच्या भवितव्याविषयी लिहितो आणि सत्ताधारी देशाची संस्था त्याचा गौरव करते, ही घटना साधी नाही. हेच रोम्युलो पुढे १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले आणि १९५५ च्या बांडुंग परिषदेत त्यांचा आवाज प्रमुख होता. येथे मंडळाची नजर दूरवर गेली होती, असे म्हणावे लागेल.

१९४४ मध्ये हे पारितोषिक एर्नी पाईल यांस मिळाले. पाईल सेनापतींच्या डावपेचांविषयी क्वचितच लिहीत. चिखलात झोपणारा पायदळातील शिपाई हा त्यांचा विषय. भेटलेल्या शिपायांची नावे आणि त्यांच्या गावाकडचे पत्तेदेखील ते स्तंभात देत असत. लढणाऱ्या शिपायाला जादा भत्ता मिळावा ही त्यांची मागणी इतकी प्रभावी ठरली की अमेरिकन काँग्रेसने तसा कायदा केला आणि लोक त्याला पाईल यांच्याच नावाने ओळखू लागले. १८ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाजवळील ई शिमा बेटावर जपानी गोळीबारात पाईल मारले गेले. १९४५ मध्ये व्यंगचित्राचे पारितोषिक अवघ्या २३ वर्षांच्या बिल मॉल्डिन यांस मिळाले. त्यांची विली आणि जो ही दाढी वाढलेली, थकलेली शिपायांची जोडी अधिकाऱ्यांची यथेच्छ खिल्ली उडवी. जनरल पॅटन यांनी त्यासाठी मॉल्डिन यांना बोलावून खडसावले होते. अशा चित्रकाराला युद्ध संपण्यापूर्वी मान देणे, हे मंडळाच्या मोकळेपणाचे लक्षण आहे. ही बाजू मान्य केल्याशिवाय पुढील टीका न्याय्य ठरणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. १९४४ च्या यादीत एक खास गौरवपत्र बायरन प्राइस यांच्या नावे आहे. प्राइस हे असोसिएटेड प्रेसचे जुने संपादक. डिसेंबर १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सेन्सॉरचे कार्यालय स्थापन केले व प्राइस यांना त्याचे प्रमुख नेमले. वृत्तपत्रे व रेडिओ यांच्यासाठी त्यांनी तयार केलेल्या आणि राबविलेल्या आचारसंहितेबद्दल हे गौरवपत्र होते. ही संहिता ऐच्छिक होती, कायद्याच्या बडग्यापेक्षा संपादकांच्या संमतीवर ती चालली, आणि युद्ध संपताच कार्यालय बंद झाले, हे प्राइस यांच्या बाजूने सांगता येईल. तरीही वृत्तपत्रस्वातंत्र्याचा सर्वोच्च मान देणाऱ्या संस्थेने नियंत्रकाचा गौरव करावा, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. काय छापले याबरोबरच काय छापले नाही, हेसुद्धा त्या वर्षी गुण ठरले.

याच्या उलट एडवर्ड केनेडी यांचे उदाहरण पाहा. असोसिएटेड प्रेसच्या या वार्ताहराने ७ मे १९४५ रोजी जर्मनीच्या शरणागतीची बातमी लष्कराने घातलेली वेळेची बंदी मोडून जगाला दिली. बातमी खरी होती. बंदीचे कारण लष्करी सुरक्षिततेचे नव्हते. ते राजकीय सोयीचे होते. केनेडी यांची वार्ताहर म्हणून असलेली मान्यता गेली आणि नोकरीही गेली. त्यांच्या संस्थेने माफी मागितली ती २०१२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी. पुलित्झरच्या यादीत त्यांचे नाव नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न १९४६ च्या यादीत उभा राहतो. वृत्तलेखनाचे पारितोषिक 'न्यूयॉर्क टाइम्स'चे विल्यम लॉरेन्स यांना नागासाकीवरील अणुबाँबहल्ल्याच्या डोळ्यांदेखत केलेल्या वर्णनासाठी आणि अणुबाँबविषयीच्या दहा लेखांसाठी मिळाले. लॉरेन्स विज्ञानविषयाचे जाणते लेखक होते, यात शंका नाही. परंतु १९४५ मध्ये ते युद्धखात्यासाठीही काम करीत होते आणि बाँबसंबंधीची सरकारी प्रसिद्धिपत्रके त्यांनीच लिहिली होती. सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांनी किरणोत्सर्गामुळे माणसे मरत असल्याच्या जपानी वृत्तांना प्रचार ठरविणाऱ्या लष्करी मताला आपल्या लेखात ठळक जागा दिली. त्याच्या काही दिवस आधी ऑस्ट्रेलियन पत्रकार विल्फ्रेड बर्चेट यांनी स्वतः हिरोशिमात जाऊन, जखम नसलेली माणसेही मरत आहेत, हे 'डेली एक्स्प्रेस'मधून कळविले होते. विमानातून पाहणाऱ्याला पारितोषिक मिळाले, जमिनीवर उतरून पाहणाऱ्याला नाही. बर्चेट यांचे पत्र ब्रिटिश असल्याने ते नियमात बसत नव्हते, हे खरे. परंतु सरकारी वेतन व वृत्तपत्रीय विश्वासार्हता एकाच व्यक्तीत एकत्र आल्या असता मंडळाला त्यात अडचण वाटली नाही, हा मुद्दा उरतोच.

एक खलाशी आणि एक ध्वज

छायाचित्रणाचे पारितोषिक १९४२ मध्ये सुरू झाले. १९४३ चे मानकरी होते असोसिएटेड प्रेसचे फ्रँक नोएल. छायाचित्राचे शीर्षक 'पाणी!'. जानेवारी १९४२ मध्ये नोएल प्रवास करीत असलेले जहाज सुमात्राजवळ पाणतीराने बुडविले गेले आणि ते जीवरक्षक नावेत सापडले. शेजारून दुसरी नाव आली. तीत एक हिंदी खलाशी हात पुढे करून पाणी मागत होता. नोएल यांनी कॅमेरा उचलला. त्यांच्याही नावेत देण्याजोगे पाणी नव्हते.

१९४५ चे छायाचित्र साऱ्या जगाला ठाऊक आहे. जो रोझेंथाल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर टिपलेला तो ध्वज उभारण्याचा क्षण. पारितोषिक मागील वर्षातील कामासाठी देण्याचा नियम बाजूला ठेवून ते त्याच वर्षी गौरविण्यात आले. छायाचित्रातील सहा जणांची नावे शोधण्याचे काम कित्येक दशके चालले. अमेरिकेच्या मरीन दलाने २०१६ व २०१९ मध्ये पुन्हा तपासणी करून त्यांतील नावे दुरुस्त केली.

ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की यादीचा स्वभाव स्पष्ट होतो. एका चित्रात सहा पाठमोऱ्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत, तरी प्रत्येकाचे नाव शोधले गेले. दुसऱ्या चित्रात चेहरा समोर आहे, परंतु ओळख 'हिंदी खलाशी' एवढीच. पारितोषिकाच्या नोंदीत छायाचित्रकाराचे नाव आहे आणि शीर्षक आहे. कोकणपट्टीतील वाचकांना हे विशेष जाणवेल. रत्नागिरी, जंजिरा आणि गोवा येथील असंख्य घरांतील पुरुष ब्रिटिश जहाजांवर डेकवर, इंजिनखान्यात किंवा भटारखान्यात राबत होते, आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो हिंदी खलाशी समुद्रात गेले. आपल्यापैकी काहींच्या घरी भिंतीवर अशा एखाद्या आजोबांची तसबीर असेल. जिवंत माणसाची तहान हा युद्धाचा पुरावा म्हणून त्या यादीत आला, पण माणूस आला नाही. शिपायाचा पत्तासुद्धा लिहिणाऱ्या एर्नी पाईल यांचे मोठेपण या ठिकाणी अधिक कळते.

साहित्य : तात्कालिक व टिकाऊ

१९४३ ची पारितोषिकप्राप्त कादंबरी अप्टन सिंक्लेअर यांची 'ड्रॅगन्स टीथ'. जर्मनीत नाझी सत्तेवर कसे आले, याचे चित्रण तीत आहे. नायक लॅनी बड एका ज्यू मित्राला दाखाऊच्या छळछावणीतून सोडविण्याची धडपड करतो. कलाकृती म्हणून तिच्या मर्यादा उघड आहेत. महत्त्वाची प्रत्येक ऐतिहासिक व्यक्ती नायकाला सोयीस्करपणे भेटते आणि संवाद पुष्कळदा माहितीपत्रकासारखे होतात. मात्र १९४२ साली सर्वसामान्य वाचकापर्यंत छळछावणीची गोष्ट पोहोचविणे हे कार्य तिने केले. येथे पारितोषिक कलागुणापेक्षा विषयाच्या निकडीला मिळाले, असे माझे मत आहे. आणि ते सर्वस्वी चूक होते असेही मी म्हणणार नाही. त्याच वर्षीचे पारितोषिकप्राप्त नाटक, थॉर्नटन वाइल्डर यांचे 'द स्किन ऑफ अवर टीथ', हिमयुग, प्रलय आणि युद्ध यांतून तगून राहणाऱ्या एका कुटुंबाची कथा सांगते. त्यात शत्रूचे नाव नाही, विजयाची घोषणा नाही. म्हणूनच युद्ध संपल्यावरही ते रंगभूमीवर टिकले.

१९४५ ची कादंबरी 'अ बेल फॉर अडॅनो' अधिक विचारप्रवर्तक आहे. जॉन हर्सी यांच्या या कादंबरीत सिसिलीतील एका गावाची सातशे वर्षांची जुनी घंटा फॅसिस्ट राजवटीने शस्त्रांसाठी वितळविलेली असते. गावाचा कारभार पाहणारा अमेरिकन मेजर जोपोलो नवी घंटा मिळवून देतो, पण खेचरांच्या गाड्यांना गावात बंदी घालणारा आपल्याच जनरलचा हुकूम मोडतो आणि त्याची बदली होते. गावाला घंटा मिळते, मेजर जातो. स्वतःच्या सैन्यातील उद्दामपणावर युद्ध चालू असताना लिहिलेल्या कादंबरीला मान मिळाला, ही जमेची बाजू. काव्याचे पारितोषिक त्याच वर्षी कार्ल शापिरो यांच्या 'व्ही-लेटर अँड अदर पोएम्स' या संग्रहास मिळाले. शापिरो तेव्हा पॅसिफिकमध्ये शिपाई होते. व्ही-लेटर म्हणजे सेन्सॉरच्या नजरेखालून जाणारे, वजन वाचविण्यासाठी फिल्मवर उतरविलेले आणि पलीकडे पुन्हा कागदावर छापलेले सैनिकाचे पत्र. खाजगी शब्दसुद्धा सरकारी यंत्रणेतून गाळून निघतो, ही युद्धकाळाची अवस्था त्या शीर्षकातच आहे.

याच हर्सी यांनी पुढे 'हिरोशिमा' लिहिले. सहा वाचलेल्या माणसांची ही हकीकत ३१ ऑगस्ट १९४६ च्या 'न्यूयॉर्कर'ने संपूर्ण अंक देऊन छापली. लॉरेन्स यांच्या पारितोषिकप्राप्त लेखांपेक्षा आज जगभर वाचले जाते ते हेच लेखन. परंतु पत्रकारितेच्या विभागात नियतकालिके तेव्हा पात्र नव्हती. ती पात्र ठरू लागली २०१५ पासून. नियम तटस्थ दिसतात, पण काय दिसावे व काय दिसू नये हे तेच ठरवितात.

यादीबाहेर कोण राहिले, याचा विचारही आवश्यक आहे. १९४२ मध्ये 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने दुहेरी विजयाची मोहीम चालविली : परदेशात फॅसिझमवर विजय आणि स्वदेशात वर्णभेदावर विजय. अल्पसंख्य समाजाच्या वृत्तपत्राने राष्ट्राशी निष्ठा राखून राष्ट्राकडे न्याय मागावा, याचे इतके स्पष्ट उदाहरण त्या काळात दुसरे क्वचितच सापडेल. युद्धकाळातील पुलित्झर यादीत त्याला स्थान नाही. पारितोषिक मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणजे कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स, आणि ते वर्ष होते १९५०.

संगीत : तीन वर्षे, तीन सूर

संगीताचे पहिले पारितोषिक १९४३ मध्ये विल्यम शुमन यांच्या 'अ फ्री साँग' या समूहगान व वाद्यवृंदासाठीच्या रचनेस मिळाले. शब्द वॉल्ट व्हिटमन यांचे, अमेरिकन यादवी युद्धावरील कवितांतून घेतलेले. पहिला प्रयोग मार्च १९४३ मध्ये बोस्टन सिंफनी वाद्यवृंदाने केला. १९४४ मध्ये हॉवर्ड हॅन्सन यांच्या चौथ्या सिंफनीस मान मिळाला. ती त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ रचली होती. १९४५ मध्ये एरन कोपलंड यांचे 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग' : मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यासाठी तेरा वाद्यांकरिता केलेली रचना, ३० ऑक्टोबर १९४४ रोजी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये प्रथम सादर झालेली. पहिल्या वर्षी सार्वजनिक आवाहन, दुसऱ्या वर्षी खाजगी शोक, तिसऱ्या वर्षी नव्या घराचे व वसंताचे चित्र, असा हा क्रम आहे. मंडळाने तो योजून केला असे नाही. पण युद्धात थकत गेलेल्या समाजाची मनःस्थिती त्यात उमटली आहे.

या तिन्हींपैकी सर्वाधिक वाजते ते 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग'. अस्सल अमेरिकन मातीचे संगीत म्हणून त्याचे कौतुक होते. त्या पहिल्या प्रयोगाचे नेपथ्य केले होते इसामू नोगुची यांनी. त्यांचे वडील जपानी. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना सरकारने घरांतून उठवून छावण्यांत ठेवले, तेव्हा नोगुची स्वेच्छेने अ‍ॅरिझोनातील पोस्टन छावणीत राहावयास गेले होते. पहिल्या प्रयोगातील नर्तिकांमध्ये युरिको होत्या. त्याही अशाच एका छावणीतून बाहेर आलेल्या. म्हणजे राष्ट्राचे स्वतःविषयीचे सर्वांत सुंदर चित्र ज्यांनी मंचावर उभे केले, त्यांच्यापैकी काहींच्या नागरिकत्वावरच राष्ट्राचा विश्वास नव्हता. खुद्द कोपलंड यांची लिंकनवरील रचना जानेवारी १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीनिमित्तच्या कार्यक्रमातून राजकीय संशयामुळे वगळण्यात आली आणि त्याच वर्षी मॅकार्थी समितीपुढे त्यांना जबाब द्यावा लागला. १९४५ चे पारितोषिक त्यांच्या मदतीला आले नाही. पारितोषिक कृतीला मान्यता देते. माणसाच्या सुरक्षिततेची हमी देत नाही.

आपल्या दोन भाषांचा संदर्भ

उर्दू व मराठीच्या अध्यापकाला ही गोष्ट अपरिचित नाही. फैज अहमद फैज १९४२ मध्ये फॅसिझमविरोधी भूमिकेतून ब्रिटिश हिंदी सैन्याच्या प्रसिद्धी विभागात गेले, लेफ्टनंट कर्नल झाले आणि त्यांना ब्रिटिश सरकारचा किताबही मिळाला. १९५१ मध्ये तेच फैज पाकिस्तानात तुरुंगात गेले. आज वर्गात आपण त्यांचा किताब शिकवीत नाही, त्यांची शायरी शिकवितो. मराठीत बा. सी. मर्ढेकर यांच्या युद्धोत्तर जाणिवेच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला. साहित्य अकादेमीचा १९५६ चा पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला तो 'सौंदर्य आणि साहित्य' या समीक्षाग्रंथासाठी. मराठी कवितेचे वळण बदलले ते मात्र कवितांनी.

समारोप

या विवेचनावरून 'पारितोषिके निरर्थक आहेत' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. रोम्युलो, पाईल, मॉल्डिन, वाइल्डर व हर्सी यांची निवड करणारे मंडळ आंधळे नव्हते. परंतु तेच मंडळ सेन्सॉरच्या प्रमुखाचा गौरव करीत होते आणि सरकारी प्रसिद्धी लिहिणाऱ्याला निःपक्ष साक्षीदार मानीत होते. युद्धकाळात एकाच यादीत विवेक आणि आज्ञाधारकपणा शेजारी शेजारी बसतात. त्यांना वेगळे करणे हे समीक्षेचे काम आहे, आणि महाविद्यालयात ते अध्यापकाचे काम आहे.

संस्था स्वतःला सुधारू शकतात, हेही नोंदविले पाहिजे. १९४१ च्या सामूहिक गौरवाची आठवण यावी असे दोन खास गौरव पुलित्झर मंडळाने अलीकडे केले : २०२२ मध्ये युक्रेनच्या पत्रकारांचा आणि २०२४ मध्ये गाझातील युद्धाचे वार्तांकन करणारे पत्रकार व माध्यमकर्मी यांचा. १९४१ मध्ये मान केवळ अमेरिकन वार्ताहरांना होता. आता ज्यांच्या घरावर बाँब पडतात तेही साक्षीदार म्हणून मोजले जातात. २०२५ मध्ये गाझाचे कवी मोसाब अबू तोहा यांना त्यांच्या निबंधांसाठी पारितोषिक मिळाले. आपल्या देशातील, जामिया मिल्लिया इस्लामियाचे माजी विद्यार्थी दानिश सिद्दीकी हे २०१८ मध्ये रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूसह मानकरी ठरले. जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानातील युद्धाचे वार्तांकन करताना ते मारले गेले आणि २०२२ मध्ये भारतातील कोविडच्या छायाचित्रांसाठी त्यांना दुसऱ्यांदा, मरणोत्तर, सहकाऱ्यांसह पारितोषिक मिळाले. पाईल यांचे नाव शिकविताना हे नावही शिकविले गेले पाहिजे.

अध्यापकांनी एक साधी गोष्ट करावी, असे सुचवावेसे वाटते. पारितोषिकांची यादी पाठ करून घेताना विद्यार्थ्यांना चार प्रश्न सोडवायला द्यावेत : निर्णय कोणी दिला, नियमाने कोण बाहेर राहिले, त्या वर्षी बोलण्यास बंदी कशावर होती, आणि आज त्यातले काय वाचले वा ऐकले जाते? यासाठी मोठे ग्रंथालय लागत नाही. १९४३ चे एकच छायाचित्र फळ्यावर लावले, तरी तासाला पुरेल एवढा विषय मिळतो. छायाचित्रकाराचे नाव विद्यार्थी लगेच सांगतील. पाणी मागणाऱ्याचे नाव काय, असे त्यांच्यापैकी एकाने जरी विचारले, तरी तो तास कारणी लागला असे मी समजेन.